ऐकणाऱ्याच्या कानात आवाज ‘बाईचा’ किंवा ‘पुरुषाचा’ कसा ठरतो?

शहापूरची_कारकून (धागाकर्ती)

नमस्कार. मी बेळगावच्या शहापूर भागातील एका पतसंस्थेत काम करते. सभासदांचे फोन घेणे, ठेवीची मुदत संपल्याचे कळविणे, कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यातील निम्मे बोलणे मराठीत, तर निम्मे कन्नडमध्ये होते. समोरची व्यक्ती दिसत नसताना तिला ‘सर’ म्हणायचे की ‘मॅडम’, हे आपण पहिल्या दोन-तीन शब्दांतच ठरवून टाकतो, आणि आपण काही ठरवले याची जाणीवसुद्धा आपल्याला नसते. हा निर्णय कान नेमका कशाच्या आधारावर घेतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. माझी आत्या निवृत्त शिक्षिका असून खानापूर तालुक्यात एकटी राहते. थायरॉइडच्या जुन्या विकारामुळे तिचा आवाज जड आणि घोगरा झाला आहे. तिचे एटीएम कार्ड हरवले तेव्हा तिने एका बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या कर्मचाऱ्याने ‘खातेदार बाईंना फोन द्या’ असा आग्रह धरला. तिने खाते क्रमांक सांगितला, जन्मतारीख सांगितली, आईचे नाव सांगितले. तरीही ‘आपण त्यांचे मिस्टर बोलत आहात का’ हाच प्रश्न पुन्हा आला. शेवटी शेजारच्या मुलीने फोन हातात घेऊन ‘मीच बोलते आहे’ असे सांगितले आणि कार्ड तत्काळ बंद झाले. खरी खातेदार नाकारली गेली आणि दुसरीच मुलगी खातेदार म्हणून स्वीकारली गेली, तेही माहितीच्या नव्हे तर आवाजाच्या आधारावर. आत्याने त्यानंतर फोनवरून कोणतेही काम करणे सोडून दिले आहे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वाचोपचार_टिळकवाडी

ताई, मी वाचा आणि श्रवण उपचाराच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कानाचा पहिला आधार पट्टीचा असतो. बोलताना स्वरयंत्रातील स्वरतंतू सेकंदाला जितक्या अधिक वेळा कंप पावतात, तितकी पट्टी उंच वाटते. प्रौढ पुरुषांमध्ये हा आकडा सरासरी १२० हर्ट्झच्या आसपास असतो आणि स्त्रियांमध्ये २१० च्या आसपास. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकामुळे मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे हा फरक पडतो. परंतु सरासरी म्हणजे सीमारेषा नव्हे. साधारण १४५ ते १७५ हर्ट्झ हा पट्टा असा आहे की त्यात कित्येक पुरुष बोलतात आणि कित्येक स्त्रियाही बोलतात; तिथे नुसत्या पट्टीवरून खात्रीने काही सांगता येत नाही.

दुसरा आधार अनुनादाचा, आणि सर्वसामान्य माणसाला याची कल्पना नसते. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषांमध्ये सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते, तर स्त्रियांमध्ये ती १४ ते १५ सेंटिमीटर असते. नळाखाली घागर भरत आली की आतली हवेची जागा कमी होऊन आवाज चढत जातो, त्याच न्यायाने आखूड पोकळीतून येणारा ‘आ’ किंवा ‘ई’ अधिक उजळ लागतो, मग पट्टी तीच का असेना. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून ७६ जणांचे स्वर मोजले गेले, तेव्हापासून हा फरक आकड्यांत मांडलेला आहे.

अनुनादाचे बळ कळते ते कुजबुजीत. कुजबुजताना स्वरतंतू कंपच पावत नाहीत, म्हणजे पट्टी उरतच नाही. तरीही १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऐकणाऱ्यांनी नुसत्या कुजबुजीवरून सुमारे ७५ टक्के वेळा बोलणारा पुरुष की स्त्री हे बरोबर ओळखले. नेहमीच्या आवाजात हेच प्रमाण ९६ टक्के होते. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळत नसतील, म्हणजे पट्टी उंच पण अनुनाद खोल असेल, तर कान गोंधळतो. सामान्यतः पट्टीचे वजन जास्त पडते आणि खालच्या पट्टीतला आवाज ऐकणारे फार लवकर ‘पुरुषाचा’ ठरवतात. आपल्या आत्यांच्या बाबतीत हेच झाले असणार. थायरॉइडचे कार्य मंदावले की स्वरतंतूंना सूज येऊन ते जाड होतात. पुष्कळ वर्षे धूम्रपान केलेल्या स्त्रियांचा आवाजही अशाच सुजेमुळे उतरतो, आणि रजोनिवृत्तीनंतर तर कोणताही विकार नसताना तो थोडा खाली येतो. पुरुषांचा आवाज मात्र उतारवयात किंचित चढतो. म्हणजे सत्तरीच्या पुढे स्त्री-पुरुषांचे आवाज एकमेकांच्या जवळ येतात. आवाज अचानक बदलला आणि तीन आठवड्यांनंतरही पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हार्मोनियम_वडगाव

वरील आकडे वाचून संगतकाराला पटकन जाणवते की आपल्या गाण्यातही हेच अंतर आहे. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास षड्ज, म्हणजे ‘सा’, लावतात, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ, आणि स्त्रिया काळी चारच्या आसपास, म्हणजे सुमारे २०८.

या भागात राहून गंगूबाई हनगल यांचे नाव न घेणे अशक्य आहे. १९१३ साली धारवाडात जन्मलेल्या गंगूबाईंच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका ऐकल्या, तर आवाज उंच आणि बारीक आहे. पुढे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज खोल आणि भारदस्त झाला. रेडिओवर तो प्रथमच ऐकणारा माणूस आजही हा पुरुष गायक आहे असे समजतो. लक्षात घेण्यासारखे हे आहे की त्यांनी तो आवाज बारीक करून दाखविण्याचा प्रयत्न केला नाही. किराणा घराण्याची संथ आलापी त्यांनी त्याच आवाजात मांडली, आणि श्रोत्यांना आपल्या कानाची सवय बदलावी लागली.

उलट बाजूचे उदाहरण संगीत रंगभूमीचे. त्या रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या १८८० च्या शाकुंतलात पुढे भाऊराव कोल्हटकर शकुंतला झाले, आणि १९०५ पासून बालगंधर्वांनी पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याच्या त्या परंपरेला वेगळ्याच उंचीवर नेले. प्रेक्षकांना नट पुरुष आहे हे पक्के ठाऊक असे, आणि तरीही ते त्या आवाजात नायिका ऐकत असत. मला वाटते, शालू, केसांची ठेवण, चालण्यातील संथपणा आणि शब्दफेक यांनी कानाची तयारी आधीच करून ठेवलेली असे. म्हणजे डोळा कानाला काय ऐकायचे ते सांगतो, असे म्हणता येईल का? वाचोपचार यांनी याविषयी लिहावे.

वाचोपचार_टिळकवाडी

होय, आणि हे प्रयोगांतून दिसून आलेले आहे. ‘स’ आणि ‘श’ यांच्या मधला, धड कोणताच न वाटणारा ध्वनी ऐकणाऱ्यांना ऐकवला आणि समोर कधी स्त्रीचा, तर कधी पुरुषाचा चेहरा दाखवला. तोच ध्वनी स्त्रीचा चेहरा दिसताना अधिक वेळा ‘श’ ऐकू आला आणि पुरुषाचा चेहरा दिसताना ‘स’. कारण स्त्रियांचा ‘स’ अधिक उंच कंप्रतेचा असतो हे कानाने अनुभवातून शिकून ठेवलेले असते. म्हणजे बोलणारी व्यक्ती कोण आहे याविषयीची आपली समजूत बदलली की ऐकू येणारे व्यंजनसुद्धा बदलते. आधी आवाज ऐकायचा आणि मग त्यावरून लिंग ठरवायचे, अशा क्रमाने हे घडत नाही; दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकमेकींना घडवत असतात.

फोनबद्दलही सांगायचे राहिले. जुन्या दूरध्वनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग पलीकडे पोहोचतो. प्रौढ माणसाच्या बोलण्याची मूळ कंप्रता ३०० च्या खालीच असते, तेव्हा ती तारेतून जातच नाही; तिच्या पटीत येणाऱ्या वरच्या स्वरांशांमधील अंतरावरून आपला मेंदू ती पुन्हा जुळवतो. ‘स’ ची बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, ती तर पूर्णपणे गळून पडते. चेहरा नाही, पोशाख नाही, निम्म्या खुणा तारेत गळालेल्या, आणि तरी आपण तितक्याच आत्मविश्वासाने ‘सर’ म्हणतो. नव्या मोबाइल जाळ्यांत ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो, त्यामुळे स्थिती थोडी सुधारली आहे. पण खेड्यात रेंज गेली की पुन्हा तेच.

खानापूरचे_गुरुजी

वर्गात याची दुसरी बाजू दिसते. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या पट्टीत जवळजवळ फरक नसतो. तरीही डोळे मिटून ‘कोण वाचते आहे, मुलगा की मुलगी’ असे विचारले, तर बहुतेक वेळा बरोबर उत्तर येते. यात शरीराचा वाटा थोडा असेल, पण लहानपणापासून मुलांना खणखणीत बोलायला आणि मुलींना हळू बोलायला शिकवले जाते, त्याचाही वाटा मोठा असावा असे मला वाटते.

सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच. या काळात ज्या मुलाचा आवाज बारीकच राहतो त्याचे हाल मी पाहिले आहेत. हजेरी घेताना तो मान खाली घालून हात वर करतो, ‘हजर’ म्हणत नाही. कविता पाठ असूनही म्हणत नाही. अशा मुलाला उभे करून मोठ्याने वाचायला लावणे म्हणजे धीट करणे, असे पुष्कळ शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटते. माझे मत असे आहे की वर्गाचे हसणे आधी थांबवावे आणि मगच त्याला उभे करावे.

वाचोपचार_टिळकवाडी

गुरुजी, स्वरयंत्राची वाढ होऊनही मुलगा जुन्याच उंच पट्टीत बोलत राहिला, तर ती स्थिती बहुधा आवाजाच्या व्यायामांनी आणि पुष्कळदा थोड्याच बैठकांत सुधारते. पालकांना एवढे कळले तरी पुरे. अर्थात त्या मुलाला स्वतःला बदल हवा आहे का, हे आधी त्यालाच विचारावे.

चिक्कोडीकर

चर्चा उत्तम चालली आहे. पण एक वेगळे मत मांडतो. कान हा निर्णय क्षणात आणि आपोआप घेतो, हे वरच्याच माहितीवरून सिद्ध होते. मग फोनवरच्या कर्मचाऱ्याला दोष कसा द्यायचा? फसवणुकीचे प्रकार वाढलेले असताना नाव बाईचे आणि आवाज पुरुषाचा वाटला, तर शंका घेणे हे त्याचे कर्तव्यच नाही काय?

शहापूरची_कारकून

चिक्कोडीकर दादा, शंका आली याबद्दल माझी तक्रार नाही. शंका आल्यावर पडताळणीचे जे प्रश्न असतात ते विचारले गेले, त्यांची उत्तरे बरोबर आली, आणि तरीही शंकाच खरी मानली गेली, ही माझी तक्रार आहे. कानाने काय ऐकावे यावर कोणाचा ताबा नसेल, परंतु त्यावर काय कृती करावी यावर आहे. शिवाय ज्या निकषावर आत्याला अडवले, त्याच निकषावर शेजारची मुलगी बिनदिक्कत पुढे गेली. फसवणूक करणाऱ्याला बाईचा आवाज मिळविणे काही अवघड नाही. म्हणजे त्या निकषाने सुरक्षितता वाढली नाही, फक्त एका वृद्ध बाईचे काम अडले.

रेणुका_निपाणी

मी इथे बहुधा वाचनमात्र असते, पण या विषयावर लिहिणे आवश्यक वाटले. मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मावेळी मला मुलगा ठरवले गेले होते, आणि मी निपाणीत राहते.

पुष्कळांना वाटते की संप्रेरके घेतली की आवाज आपोआप बदलतो. ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत ते खरे आहे. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर काही महिन्यांत त्यांचा आवाज उतरू लागतो. पण एकदा जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने पुन्हा बारीक होत नाहीत. म्हणून आम्हाला बोलण्याचा सराव करावा लागतो. प्रथम मी केवळ पट्टी वर नेत असे, तेव्हा घसा दुखे आणि ऐकणाऱ्याला बनावट वाटे. वाचोपचार यांनी अनुनादाबद्दल लिहिले आहे, तेच मला शिकवणाऱ्या बाईंनी समजावले. जीभ थोडी पुढे आणि वर ठेवून ‘मेथी’, ‘मिरची’, ‘लिंबू’ असे इ-ए चे शब्द आधी म्हणायचे, कारण त्यांत आवाज तोंडाच्या पुढच्या भागात येतो. तो तिथे टिकू लागला की मग ‘वांगी’, ‘कांदा’, ‘भोपळा’. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे. बाजाराची यादी हाच माझा पाठ झाला होता.

आता भाषेविषयी, कारण आपण सीमाभागातले लोक दोन भाषांत जगतो. मराठीत ‘मी येते’ म्हटले की मी कोण आहे हे क्रियापदच सांगते. कन्नडमध्ये ‘नानु बर्तेनि’ म्हणताना पुरुष आणि स्त्री दोघांचे क्रियापद सारखेच असते, त्यामुळे तिथे ऐकणाऱ्याकडे आवाजावाचून दुसरी खूण राहत नाही. मराठीत क्रियापद आणि आवाज यांचा मेळ बसला नाही की समोरचा क्षणभर थांबतो, काही जण हसतात; कन्नडमध्ये तो थांबत नाही, सरळ चुकीचेच गृहीत धरून पुढे जातो. यातले कोणते कमी त्रासाचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आणि आपल्या बेळगाव, खानापूर, कोल्हापूर पट्ट्यात कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी करतो’ असेच म्हणतात. माझी आजी आयुष्यभर तसेच बोलत आली आणि तिच्या बाईपणाबद्दल कोणी कधी प्रश्न विचारला नाही. मी मात्र ‘येते’ म्हणण्यात कसूर केली, तर तो माझ्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

एक गोष्ट आवर्जून लिहिते. प्रत्येक ट्रान्स स्त्रीला आवाज बदलायचा असतो असे नाही, आणि ज्यांना हवा असतो त्यांना तो साधतोच असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. त्यासाठी आवाजाची अट घातलेली नाही.

मलप्रभाकाठ

रेणुकाताई, मनापासून लिहिलेत. मला सौंदत्तीची आठवण झाली. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेले पण देवीला वाहिलेले आणि स्त्रीवेशात राहणारे भक्त, परडी घेऊन, चौंडक्याच्या तालावर गातात, ते आपल्या मूळ आवाजातच. तो बारीक करण्याचा खटाटोप त्यांत नसतो. भक्त ‘अम्मा’ म्हणून पाया पडतात आणि आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जोगप्पांच्या परंपरेतील मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या मातीत हा स्वीकार जुनाच आहे, असे मला वाटते.

रेणुका_निपाणी

दादा, आपला हेतू चांगला आहे, पण मी पूर्ण सहमत नाही. तो मान परडीला असतो. त्याच जोगप्पा डोंगर उतरून बसस्थानकावर तिकीट मागतात तेव्हा त्याच आवाजाला रांगेतून हसू येते, आणि घर भाड्याने मागायला गेल्या तर आवाज ऐकूनच ‘खोली रिकामी नाही’ असे सांगितले जाते. देवीच्या समोर कान ज्या रीतीने ऐकतो, तसे त्याने कचेरीत आणि घरमालकाच्या दारात ऐकायला हवे. मंजम्मांचा गौरव झाला याचा मला अतिशय आनंद आहे. पण पुरस्कार मिळाल्यावरच आवाज सहन व्हावा, अशी अपेक्षा कोणाकडून करता येत नाही.

मलप्रभाकाठ

मान्य आहे. मी यात्रेपुरतेच पाहिले होते.

चिक्कोडीकर

ताईंचे उत्तर पटले. मग प्रत्यक्ष फोन घेताना काय करावे? ग्राहकाला ‘सर-मॅडम’ न म्हणता बोलले तर ते उद्धट वाटते, अशी माझ्या कार्यालयातील अडचण आहे.

वाचोपचार_टिळकवाडी

नाव विचारेपर्यंत संबोधन टाळावे आणि नाव कळल्यावर त्या नावानुसार बोलावे. नाव आणि आवाज जुळत नाहीत असे वाटले तर आवाजाविषयी अवाक्षर न काढता पडताळणीचे ठरलेले प्रश्न सर्वांना विचारतात तसेच विचारावेत, आणि उत्तरे बरोबर आली की विषय संपवावा. समोरच्याने ‘मी बाई आहे’ असे सांगितले, तर लांबलचक क्षमायाचना करीत बसू नये. ‘बरं ताई’ म्हणून पुढे जावे. क्षमायाचना लांबली की त्या व्यक्तीलाच आपली समजूत घालत बसावे लागते, हे माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी सांगितले आहे.

शहापूरची_कारकून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्धटपणाच्या अडचणीबद्दल मला वाटते की आपल्याकडे त्याचे उत्तर आधीपासूनच आहे. आपल्या भागातील कन्नडमध्ये ‘री’ हा आदर पुरुषालाही लागतो आणि बाईलाही. बेळगावच्या मराठीत आपण ‘काय ओ’, ‘सांगा ओ’ म्हणतो, तोही दोघांना चालतो. फोनच्या टेबलावर लावण्यासाठी मी दोन ओळी लिहून व्यवस्थापकांना दाखविल्या आहेत: ‘नमस्कार, आपलं नाव सांगता का ओ?’ आणि ‘नमस्कार री, तम्म हेसर हेळ्री.’ त्यांनी पडताळणीचे प्रश्न त्याच कागदावर खाली छापायला सांगितले आहे. आत्याने पहिला फोन आमच्याच संस्थेत करून पाहावा असे मी तिला सुचविले आहे; तिचा होकार अजून आलेला नाही.

रेणुका_निपाणी

ताई, तो कागद छापून झाला की त्याचा फोटो इथे टाका. आमच्याकडच्या दोन पतसंस्थांत मी स्वतः नेऊन देईन.